गावाची खोली

प्रस्तावना

शिक्षणासाठी, पोटापाण्यासाठी किंवा विवाहानंतर गाव सोडावे लागले नाही, अशी माणसे आज थोडी आहेत. तुमच्यापैकी अनेक जण आपले मूळ गाव सोडून दुसऱ्या गावी, कदाचित दुसऱ्या राज्यातही राहत असतील. ज्यांच्याबरोबर बसून पाढे म्हटले ते सोबती आणि ज्यांच्या अंगणातून आपल्या घराची वाट जाई ते शेजारी, यांच्याशी असलेल्या संबंधाचे पुढे काय होते? तो केवळ आठवणींवर टिकतो, की त्यासाठी आणखी काही लागते? कोकणातून मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांनी हा संबंध कसा राखला, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. हा एक वैचारिक लेख आहे. वाचताना त्यातील माहिती कोणती आणि लेखकाचे मत कोणते, हे वेगळे ओळखण्याचा प्रयत्न करा.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• गाव आणि शहर यांना जोडणाऱ्या साधनांची माहिती सांगता येईल;
• लेखातील माहिती व मत यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• ‘-कर’ आणि ‘-करी’ हे प्रत्यय लागून तयार झालेले शब्द ओळखता येतील;
• जुन्या सोबत्यास किंवा शेजाऱ्यास अनौपचारिक पत्र लिहिता येईल.

मूळ पाठ

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीसाठी कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि तो परिसर ‘गिरणगाव’ म्हणून ओळखला जाऊ लागला. या गिरण्यांना लागणारे मनुष्यबळ घाटावरच्या सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतून आले आणि फार मोठ्या प्रमाणावर कोकणातील रत्नागिरी जिल्ह्यातून आले. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता. तो १९८१ मध्ये वेगळा झाला. डोंगरउताराची जमीन, भावाभावांत झालेले तिचे तुकडे, पावसाच्या भरवशावर येणारे भाताचे एकच पीक आणि त्यातूनही अनेक ठिकाणी खोताला द्यावा लागणारा हिस्सा, अशा स्थितीत कुटुंबाचे वर्ष निघत नसे. घरातील एक तरी हात मुंबईस धाडावा लागे.

मुंबईस आलेला तरुण सहसा एकटाच येई. बायकामुले आणि आईवडील गावी राहत. बोरीबंदरावर किंवा भाऊच्या धक्क्यावर उतरल्यानंतर आधी आलेली गावची माणसे त्याला ज्या ठिकाणी घेऊन जात, तिला ‘गावाची खोली’ म्हणत. कोणी ‘गाळा’ही म्हणत. चाळीतील एका लहानशा खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष, कधी त्याहूनही अधिक, राहत असत. हे कसे शक्य होई? गिरण्या पाळ्यांमध्ये चालत. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीस गेलेल्याच्या जागेवर त्याची वळकटी पसरली जाई. प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीवरची एक खुंटी आणि एका ट्रंकेपुरती जागा. जेवण खानावळीत; आणि खानावळ चालवणारी बाई बहुधा याच कामगारवस्तीतील, घरच्या चुलीवर दहावीस माणसांचे जेवण रांधणारी. (या खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.)

खोली चालायची तर नियम हवेत. भाडे कोणी, केव्हा भरायचे, पाणी कोणी भरायचे, झाडलोट कोणाकडे, नव्या मुलाला नोकरी लागेपर्यंत किती दिवस सांभाळायचे, हे सर्व ठरलेले असे आणि त्याचा हिशेब वहीत लिहिला जाई. या वहीतूनच पुढे गावोगावची ग्रामस्थ मंडळे उभी राहिली. दरमहा वर्गणी, वर्षातून एक सर्वसाधारण सभा, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार; पुढे अनेक मंडळांनी संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदणीही केली. आजारी सोबत्याचे औषध, मृत सोबत्याचे अंत्यसंस्कार आणि त्याच्या विधवेला पहिल्या वर्षाची मदत ही मंडळांची आरंभीची कामे होती. त्यानंतर शाळेच्या छपरासाठी कौले, विहिरीचे बांधकाम, देवळाचा जीर्णोद्धार, रस्त्यासाठी सरकारदरबारी अर्ज अशी कामे त्यात येत गेली. ज्याने स्वतः चौथीनंतर शाळा सोडली, असा माणूस गिरणीतून सुटल्यावर खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली बसून गावच्या शाळेसाठी पावत्या फाडत असे. गावाविषयीची माया आपण गीतांत आणि कथांत पुष्कळ वाचतो. मला मात्र ती या पावतीपुस्तकांत अधिक स्पष्ट दिसते.

या खोल्यांविषयी लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. ‘गावाची खोली’ असे नाव असले, तरी ती साऱ्या गावाची क्वचितच असे. बहुधा ती एका वाडीची, एका जातीची असे. गावी ज्यांचे पाणवठे वेगळे होते, ते मुंबईतही एका छताखाली आले नाहीत; दलितांच्या खोल्या निराळ्या, मंडळे निराळी. गिरणीतही तीच रीत होती. धोट्यात भरलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अधिक मजुरीच्या विणाई खात्यात दलितांना प्रवेश नाकारला जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे पुढे आणला होता. तेव्हा गावाशी नाते टिकवणे म्हणजे नेमके कोणाशी नाते टिकवणे, हा प्रश्न प्रत्येक मंडळापुढे होता आणि काही प्रमाणात आजही आहे.

पाठगत प्रश्न
१. एका लहान खोलीत वीस-पंचवीस माणसे राहू शकत, याचे कारण पाठाच्या आधारे लिहा.
२. ‘गावाची खोली’ हे नाव लेखकाला अपुरे का वाटते?

गावाशी बोलण्याचे साधन म्हणजे टपाल. १८७९ मध्ये भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि १८८० पासून टपाल खात्यामार्फत मनीऑर्डर जाऊ लागली. कोकणच्या अर्थव्यवस्थेला ‘मनीऑर्डरवर चालणारी’ असे म्हणतात ते उगीच नव्हे. पगार झाला की टपाल कार्यालयापुढे रांग लागे. ज्याला लिहिता येत नसे, त्याचा फॉर्म खोलीतला लिहिता येणारा सोबती भरून देई. त्या फॉर्मच्या खालच्या भागात निरोपासाठी चार ओळींची जागा असे. पावसापूर्वी छप्पर शाकारून घ्या, म्हशीचे काय झाले ते कळवा, मुलाला शाळेतून काढू नका, इतके त्या चार ओळींत मावे. गावी पोस्टमन घरी येऊन पैसे मोजून देई, निरोप वाचून दाखवी आणि सही किंवा अंगठा घेई. ती सही-अंगठ्याची पोच पुन्हा मुंबईस येई. अक्षरओळख नसलेल्या पत्नीकडून पतीला मिळणारे ते एकमेव पत्र, शाईने उमटलेला एक अंगठा. कित्येकांनी अशा पोची ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या.

लिहून देणाऱ्याला या व्यवस्थेत मोठे महत्त्व होते. दुसऱ्याच्या घरातले आजारपण, कर्ज, भांडण सारे त्याच्या लेखणीखालून जाई आणि ते बाहेर फुटू न देणे हा त्याचा धर्म मानला जाई. तरीही मनातले काही दुसऱ्याकडून लिहून घेता येत नाही. मुंबईच्या रात्रशाळांत दिवसभराच्या कष्टानंतर येऊन बसणाऱ्या प्रौढांमध्ये, आपले पत्र आपण लिहावे एवढ्या एका इच्छेने आलेली माणसेही असत. (तुमच्यापैकी कोणाला हे ओळखीचे वाटेल.) पुढे दूरध्वनी आले, मग भ्रमणध्वनी आले. १५ जुलै २०१३ पासून देशातील तारसेवा बंद झाली. ‘तार आली’ या दोन शब्दांनी अंगणात रडारड सुरू होण्याचा काळ तिच्याबरोबर संपला. जुन्या पद्धतीची कागदी मनीऑर्डरही २०१५ मध्ये थांबली.

जाण्यायेण्याचा मार्ग दीर्घकाळ समुद्रातूनच होता. भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या आगबोटी कोकणच्या बंदरांना लागत. दक्षिणेकडील बंदरांची वाहतूक पावसाळ्यात बंद राही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आषाढ अमावास्येच्या सणाला घरी निघालेले अनेक जण तिच्यावर होते. पुढे रस्ते झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. प्रवास सुकर झाला. पण तो करावा असे वाटायला घरी काही कारण लागते. कोकणात ते कारण शिमगा आणि गणपती या दोन सणांनी पुरवले. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. पालखी दारात आली आणि दार बंद, ही गोष्ट कोणत्याही घराला नामुष्कीची वाटते. त्यामुळे एरवी कुलूपबंद असलेले घर त्या दिवसांत उघडावेच लागते. अनेक ठिकाणी पालखी खांद्यावर घेण्याचा क्रम आणि मान ठरलेले असतात; ज्याचा मान, त्याने हजर राहायचे. ही सक्ती आहे खरी. परंतु सणाच्या या सक्तीने जितके सोबती पुन्हा एकमेकांसमोर आणून उभे केले, तितके नुसत्या आठवणीने आणले असते असे मला वाटत नाही.

उरलेल्या दिवसांत ते कुलूपबंद घर कोण सांभाळतो? शेजारी. त्याच्याकडे किल्ली असते. पावसाळ्यानंतर दारेखिडक्या उघडून घराला हवा देणे, फुटलेले कौल बदलणे, फणस-आंबे उतरवून वाटा राखून ठेवणे, तुळशीपाशी दिवा लावणे ही कामे तो करतो. बदल्यात मुंबईकराकडून काही अपेक्षा असते: मुलाची मुंबईतील शिकण्याची सोय, रुग्णालयात न्यायच्या वेळी सोबत, निदान आल्यावर आधी त्याच्या ओटीवर टेकणे. हा हिशेब कोणत्याही वहीत नसतो; पण तो चुकला की मने तुटतात. जमिनीच्या सातबाऱ्यावर वीस-वीस नावे, त्यांतील निम्मी माणसे एकमेकांना न भेटलेली, आणि बांधावरून वाद, हेही कोकणातील नित्याचे चित्र आहे.

मदत नेहमी मुंबईकडूनच गावाकडे जाई, असा समज आहे. तो खरा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप चिघळला, महिन्यांमागून महिने गेले आणि पगाराविना राहणे अशक्य झाले, तेव्हा हजारो कामगारांनी गावची वाट धरली. मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या घरांनी आता मनीऑर्डर पाठवणाऱ्याला पोसले. नाचणी, तांदूळ, सुकी मासळी, शेजाऱ्याने उधार दिलेले बियाणे, यांवर कित्येक संसार तगले. अनेकांच्या गिरण्या नंतर उघडल्याच नाहीत.

उलट प्रसंगही आला. २०२० मध्ये महासाथीमुळे मुंबईतील चाकरमानी गावाकडे निघाले, तेव्हा काही गावांनी वेशीवर आडकाठ्या घातल्या. भीती खोटी नव्हती; घराघरांत वृद्ध माणसे होती. पण ज्यांच्या वर्गणीतून शाळा उभी राहिली, त्यांनाच गावात घेऊ नये असे ठराव झाले, हे पुष्कळांच्या मनाला लागले. अखेर अनेक ठिकाणी मार्ग निघाला तो शाळेतच. परतलेल्यांनी विलगीकरणाचे दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत काढावेत आणि शेजाऱ्यांनी जेवण शाळेच्या पायरीपर्यंत आणून ठेवावे, असे ठरले. ज्या खोलीत मुळाक्षरे गिरवली, त्याच खोलीत पन्नाशीचे सोबती अंतर राखून झोपले.

या सर्व हकिकतीत स्त्रिया कोठे आहेत, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. यायलाच हवा. पुरुषाचे गाव नोकरीने सुटे, तरी त्याचे घर, नाव आणि मंडळातील सभासदत्व तेथेच राही. मुलीचे गाव लग्नाने सुटे आणि त्याबरोबर आडनावही बदले. काही घरांत पाळण्यातले नावही बदलले जाई. अलीकडे माध्यमिक शाळांच्या जुन्या वर्गांचे स्नेहमेळावे भरू लागले आहेत. हजेरीपटावरील मुलगे एकमेकांच्या ओळखीने सापडतात. मुलींचा शोध मात्र अडतो. लीला नावाची मुलगी आज कोणत्या नावाने, कोणत्या तालुक्यात आहे, हे सांगू शकणारी व्यक्ती बहुधा एकच असते, गावात राहिलेली तिची भावजय किंवा शेजारची वृद्ध काकू. मेळाव्याच्या यादीत मुलींच्या नावांपुढे किती रिकाम्या जागा आहेत, त्यावरून तो वर्ग खरोखर किती जमला हे मी ठरवतो.

हे चित्र केवळ कोकणाचे नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव हे तालुके अवर्षणाचे. तेथील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायासाठी केरळ, तमिळनाडू, बंगाल, उत्तर प्रदेश, पंजाब असे देशभर पसरले आहेत. त्यांची मुले त्या त्या राज्यांच्या भाषांत शिकतात, घरी माणदेशी मराठी बोलतात आणि गावच्या यात्रेला तीन-तीन दिवसांचा प्रवास करून येतात. दुकानात कामाला मुलगा हवा असला की तो आपल्याच गावचा, ओळखीच्या घरातला पाहिला जातो. गिरणगावातील खोलीचेच हे दुसरे रूप.

शेवटी एका शब्दाविषयी. कोकणातील पुष्कळ आडनावे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून झाली आहेत. मालवणचा तो मालवणकर, चिपळूणचा तो चिपळूणकर. मुंबईत माणूस या नावाने ओळखला जातो, म्हणजे गावाच्या नावाने. तोच माणूस सणाला गावी उतरला की वाडीतली मुले ओरडतात, “मुंबईकर आले!” शहरात तो गावाचा आणि गावात तो शहराचा. दोन्ही ठिकाणी त्याला पाहुण्याचे नाव मिळते. आणि दोन्ही ठिकाणी त्याच्या नावावर वर्गणीची पावती फाडली जाते.

शब्दार्थ

चाकरमानी – नोकरीसाठी गाव सोडून शहरात राहणारा माणूस
वाडी – गावातील घरांची स्वतंत्र वस्ती
खोत – कोकणातील गावाचा सारा गोळा करणारा वतनदार
पाळी – कामाची ठरलेली वेळ
वळकटी – गुंडाळून ठेवलेले अंथरूण
धोटा – मागावर आडवा धागा नेणारे साधन
शाकारणे – छपराची डागडुजी करून ते पावसासाठी सज्ज करणे
पोच – वस्तू किंवा पैसे मिळाल्याची खूण
नामुष्की – मानहानी

भाषाभ्यास

‘मुंबईकर’, ‘मालवणकर’ या शब्दांत ‘-कर’ हा प्रत्यय स्थळाच्या नावाला लागून ‘तेथील रहिवासी’ असा अर्थ देतो. ‘शेतकरी’, ‘वारकरी’, ‘गावकरी’ या शब्दांत ‘-करी’ हा प्रत्यय आहे. यांतील ‘शेतकरी’ हा शब्द काम दाखवतो, तर ‘गावकरी’ हा राहण्याचे ठिकाण दाखवतो. अशा प्रकारचे आणखी तीन-तीन शब्द लिहा आणि प्रत्येकाचा अर्थ सांगा.

स्वाध्याय

१. मनीऑर्डरची पोच हे ‘पत्नीचे एकमेव पत्र’ असे लेखक का म्हणतो?
२. १९८२ आणि २०२० या दोन वर्षांतील प्रसंगांत गाव आणि चाकरमानी यांचे नाते कसकसे दिसते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘सणाची सक्ती आठवणीपेक्षा अधिक माणसे जोडते’ हे लेखकाचे मत आहे की माहिती? तुम्हांला ते पटते का? कारणांसह लिहा.
४. तुमच्या प्राथमिक शाळेच्या वर्गातील आठवतील तितक्या मुलामुलींची नावे लिहून काढा. त्यांपैकी कोण आज कोठे आहे हे नावापुढे लिहा. जेथे ठाऊक नाही तेथे जागा मोकळी सोडा. त्यांतील एकाचा किंवा एकीचा पत्ता गावातील कोणाला विचारता येईल, त्या व्यक्तीस दहा-बारा ओळींचे पत्र लिहा.